दोन गुण कमी

मला दोन गुण कमी पडले. वीस लागत होते, माझे अठरा भरले. माझ्या धाकट्या जावेचे चोवीस भरले. ती आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. तिथून पुढचे दोन महिने मी त्या सहा गुणांच्या फरकावर काढले.

हे गुण उदासीचे होते. बारामतीच्या एका मानसोपचार दवाखान्यात उदासीवरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली होती आणि त्यासाठी माणसं हवी होती. डॉक्टर प्रश्न विचारत, उत्तराप्रमाणे गुण देत. वीस किंवा वर गेलात तर तुम्ही चाचणीत, खाली राहिलात तर घरी.

आम्ही सणसरचे. गावात दुधाचं संकलन केंद्र आहे, ते मी चौदा वर्षं चालवते. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, यंत्रात नमुना घालून फॅट बघायची, पावती द्यायची. माझ्या हातून आकडा इकडचा तिकडे होत नाही, हे गावाला माहीत आहे. यंत्रावरचा आकडा कधी कधी डगमगतो, तीन-आठ दाखवतो, लगेच तीन-नऊ दाखवतो. दुसऱ्या कुणाचं दूध असेल तर मी नमुना पुन्हा लावते. आमच्या घरचं असेल तर कमी आकडा लिहून मोकळी होते. कुणी बोट दाखवायला नको.

चाचणीसाठी माणसं शोधणारी मुलगी या केंद्रावरच आली होती. गळ्यात ओळखपत्र, पाठीला पिशवी. इंदापूरपासून बारामतीपर्यंतची गावं तिच्याकडे होती. बायका तिला गोळीवाल्या मॅडम म्हणायच्या. सकाळी सव्वासहाला ती रांगेशेजारी उभी राहायची आणि विचारायची, तुम्हाला उदास वाटतं का? बायका एकमेकींकडे बघायच्या आणि किटली उचलून चालू लागायच्या. एक म्हातारी तेवढी थांबली आणि म्हणाली, "उदास वाटायला येळ कुठं हाय बाई?" चार दिवसांत मॅडमच्या वहीत एकही नाव नव्हतं.

पाचव्या दिवशी मी तिला सांगितलं की मनाचं विचारू नका. पहाटे कितीला जाग येते ते विचारा, भाकरीला चव लागते का ते विचारा. तिने ते वाक्य माझ्यासमोर वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने तसं विचारलं आणि एका बाईने हातातली किटली खाली ठेवली. दहा दिवसांत नऊ नावं झाली.

चाचणीची माहिती सोळा पानांची होती. ती मी दोनदा वाचली आणि सात ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. मॅडमने सातही शंकांना नीट उत्तरं दिली. मग मी बायकांना सरळ सांगितलं. औषध नवं आहे, लागू पडेलच असं नाही. निम्म्या जणींना औषधाची गोळी मिळणार आणि निम्म्या जणींना दिसायला तशीच, पण आत काही नसलेली साधी गोळी. कुणाला कुठली, हे चाचणी संपेपर्यंत डॉक्टरांनाही माहीत नसतं. मधेच सोडायचं असेल तर कधीही सोडता येतं, कुणी जाब विचारत नाही. हे ऐकून नऊजणींतल्या तिघी गळाल्या. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ज्या राहतील त्या समजून राहतील.

राहिलेल्या सहाजणींत माझी जाऊ होती, आणि मी होते.

जावेचं कुणाला नवल वाटलं नाही. तिचं माहेर पळसदेवचं. तिची आई गेल्यापासून ती गोठ्यात बसून रडायची, पातेलं गॅसवर ठेवून विसरायची. माझं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. दीड वर्ष झालं, मला जाग यायची आणि परत डोळा लागायचा नाही. सकाळी उठून काम करायचे, पण कशात जीव नसायचा. कारण विचाराल तर नाही. मुलगी चांगल्या घरी पडली आहे, मालक साधे आहेत, गोठ्यात सात गाई आहेत. घरात सांगितलं की जावेला सोबत म्हणून जाते.

तपासणीला एकेकीला वेगळं घेतलं. डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचे होते. गेल्या चौदा रात्रींपैकी किती रात्री झोप खराब झाली, असं त्यांनी विचारलं. मी नीट आठवून सहा सांगितल्या, तारखांसकट. भूक? कमी झाली आहे, पण जेवते. दोन भाकरी खायचे, आता दीड खाते. कशात आनंद वाटायचा? मी म्हणाले, दिवसाचं दूध आणि पावत्यांचा मेळ बसला की बरं वाटतं. आता? आताही मेळ बसतो. ते हसले आणि काहीतरी लिहिलं.

शेवटी त्यांनी सांगितलं की चाचणीसाठी गुण थोडे कमी पडतात, पण त्रास आहे, तेव्हा माझ्या रोजच्या ओपीडीत या, आपण उपचार सुरू करू. मी त्यातलं फक्त कमी पडतात एवढंच ऐकलं. आजारातही पास झाले नाही, मग ओपीडीत कुठल्या तोंडाने जायचं?

परत येताना जाऊ गाडीत म्हणाली, "अक्का, किती रात्री म्हणून इचारलं. मी म्हणलं, रोजच."

मी खिडकीतून बाहेर उसाकडे बघत राहिले. रोज? चौदापैकी चौदा? कुठल्याही गाईची फॅट चौदा दिवस सारखी लागत नाही.

तिथून घरातलं सगळं बदललं. मालक म्हणाले, तिला जरा सांभाळून घे. धाकट्या भाऊजींनी स्वतः मोसंबी सोलून दिली. त्यांच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, त्यांना मी कुणासाठी काही सोलताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळची धार मी आणि जाऊ वाटून काढायचो, चार गाई माझ्या आणि तीन तिच्या. आता सातही माझ्याकडे आल्या. दर दुसऱ्या मंगळवारी दवाखान्याची गाडी इंदापूरहून निघून आमच्या दारात थांबायची. मागची खिडकीजवळची जागा जावेची. चाचणीच्या नियमाप्रमाणे घरातलं एक माणूस सोबत लागायचं, ते मी. रांगेत बायकांना मी आणलं, प्रश्न कसा विचारायचा ते मी शिकवलं, सोळा पानं मी वाचली, आणि गाडीत माझी ओळख काय, तर सोबतचं माणूस.

गुरुवारी संध्याकाळी मॅडमचा फोन यायचा. जाऊ फोन घेऊन मागच्या शेवग्याखाली जायची आणि येरझाऱ्या घालत बोलायची. मी धार काढताना घड्याळ बघायचे. पहिल्या गुरुवारी अठरा मिनिटं, दुसऱ्या गुरुवारी सव्वीस. माझी मुलगी मला फोन करते तो चार मिनिटांचा असतो, त्यातलं एक मिनिट नेटवर्क शोधण्यात जातं. सव्वीस मिनिटं कुणी माझ्याशी माझ्याबद्दल बोललं आहे, असं मला आठवत नाही.

एकदा बाकावर बसले असताना मॅडम सहज म्हणाल्या, उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तुमच्या जाऊबाईंना लहानपणी आईबरोबर ते बघायला जायला फार आवडायचं ना? मी हो म्हणाले. मला हे अजिबात माहीत नव्हतं. एका चुलीवर एकवीस वर्षं काढली आणि ते मला दीड महिन्याच्या ओळखीच्या मुलीकडून कळावं? मी विचारलं नव्हतं हे खरं. पण जावेनेही मला सांगण्याजोगं धरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी वही सुरू केली.

आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक विटेची भिंत आहे, वर हवेसाठी जाळी. मालक उन्हाळ्या-पावसाळ्यात गोठ्याशेजारी बाजेवर झोपतात, त्यामुळे माझ्या खोलीत मी एकटी. जाळीतून पलीकडचं घोरणं स्वच्छ ऐकू येतं. रोज झोप नाही म्हणणारी बाई घोरते कशी? जुन्या दुधाच्या रजिस्टरची मागची पानं कोरी होती. त्यावर मी तीन रकाने आखले: तारीख, वेळ, घोरणं आहे की नाही. रोज दोन-तीन नोंदी. पहिल्या आठवड्यात एकही नोंद नाही अशी रात्र नव्हती. एकोणीस दिवस मी हे केलं.

जाऊ दरम्यान सुधारत होती. एक दिवस भांडी घासताना ती काहीतरी गुणगुणली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मला वाटलं, आजारी नव्हतीच, तर बरी व्हायला काय लागतं?

पुढच्या मंगळवारी मी वही पिशवीत घातली. जावेला रक्ततपासणीला आत नेल्यावर मी मॅडमला व्हरांड्यात गाठलं आणि म्हणाले की चाचणीत आकडा खरा असला पाहिजे म्हणून दाखवते आहे. मला काय हवं होतं ते लिहायला मी कचरत नाही. तिचं नाव कटावं, असं मला हवं होतं.

मॅडमने पान उलटलं, मग दुसरं. पेनाच्या टोकाने त्या तारखा मोजत होत्या.

"काकू, या वेळा कुणी लिहिल्या?"

"मीच."

"दोन दहा, तीन चाळीस, साडेचार. रोज?"

"जागी असल्याशिवाय लिहिणार कशी?" मी जरा तडकूनच म्हणाले. तिला साधी गोष्ट कळत नाही याचा मला राग आला होता.

वही मिटून तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तपासणीला तुम्ही सहा रात्री सांगितल्या होत्या."

तेव्हा मला कळलं. एकोणीस दिवस, एकोणीस रात्री, माझ्याच अक्षरात. मी वही परत मागितली. मॅडम म्हणाल्या की सोबतच्या माणसाने काही निरीक्षण दिलं तर ते डॉक्टरांना दाखवावंच लागतं, ते परत देता येत नाही. उत्तरं खोटी निघाली तर जाऊबाईंना चाचणीतून काढावं लागेल. हे तिने मुद्दाम सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. आता मला ते नको होतं. पण दिलेली नोंद परत मागणं म्हणजे पावतीवर खाडाखोड करणं, आणि ती मी आयुष्यात केली नव्हती. दहाएक मिनिटं मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजल्या.

मग आम्हा दोघींना आत बोलावलं. जावेच्या दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. डॉक्टरांनी वही तिच्यासमोर ठेवली आणि कुठलाही आरोप न करता विचारलं की तुमच्या खोलीतून रात्री घोरण्याचा आवाज येतो असं यात आहे, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? तिने वही बघितली. माझं अक्षर तिला कळणार नाही असं कसं होईल? मला वाटलं ती रडेल. ती माझ्याकडे वळली.

"ह्ये तुमचे भाऊजी घोरत्यात, अक्का."

डॉक्टर खाली बघून हसू दाबत होते. माझी कानशिलं तापली. चौदा वर्षांत मी कधी कुणाच्या किटलीतलं दूध दुसऱ्याच्या नावावर चढवलं नव्हतं.

"मी भिंतीला पाठ लावून बसती," ती म्हणाली. "वरच्या जाळीतनं तुमच्या खोलीतला उजेड दिसतो. उजेड आला की मला जरा बरं वाटायचं. म्हणलं, आपण एकटंच न्हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कधी बोललात व्हय?"

डॉक्टरांनी तिची जागा कायम ठेवली, तसं लिहूनही घेतलं. मग ते माझ्याकडे वळले. त्या सहा रात्री तुम्ही कुठल्या धरल्या होत्या, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ज्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही त्या. आणि ज्या रात्री दोन तास झोप झाली ती? ती झोपेत धरली, मी म्हणाले. अडीच तासांची? तीही. भाकरी दीड सांगितलीत, ती दीड पूर्ण संपते का? मी म्हणाले, अर्धी कधी कधी कुत्र्याला जाते.

ते म्हणाले, मग तुम्ही सगळीकडेच कमी धरत गेलात. मी म्हणाले, घरचं दूध असलं की मी तसंच लिहिते. त्यांना ते कळलं नसावं. जावेला कळलं. तिने माझ्या पदराला हलकेच ओढलं आणि सोडून दिलं.

मी विचारलं की आता माझे गुण पुन्हा मोजता येतील का. मॅडमने सांगितलं की भरती बंद झाली, शेवटची जागा मागच्याच आठवड्यात इंदापूरच्या एका बाईंनी भरली. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही. तरी परतीच्या वाटेवर बराच वेळ मी तिचाच हेवा करत होते.

दुसऱ्या दिवशी मी ओपीडीला गेले. या वेळी सोबतचं माणूस म्हणून जाऊ आली आणि बाकावर बसली. मला जी गोळी दिली ती जुनी आहे, बऱ्याच वर्षांपासून दिली जाते. तिच्यात नवं काही नाही, गाडी दारात येत नाही, गुरुवारी फोन येत नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आम्ही स्टँडजवळ चहा घेतला. जावेने माझ्या हातातलं गोळ्यांचं पाकीट घेऊन उलटंसुलटं करून बघितलं.

"तुमचं बरं हाय, अक्का," ती म्हणाली. "तुमची गोळी खरी हाय हे तुमाला ठाऊक हाय. माझी काय हाय कुणास ठाऊक."

तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. दोन महिने माझ्याच आवाजात होतं ते. मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

याला आता चार महिने होत आले. संध्याकाळच्या गाई पुन्हा चार आणि तीन अशा वाटल्या आहेत. मला सलग पाच तास झोप लागते, कधी साडेपाच. मागच्या खेपेला डॉक्टरांनी चौदा रात्रींचं विचारलं तेव्हा मी तीन सांगितल्या, आणि दोन तासांची रात्र यावेळी खराबमध्ये धरली आहे, हेही सांगितलं. परवा केंद्रावर आमच्या दुधाचा आकडा डगमगला. मी कमी लिहायला पेन टेकवलं, तर किटली धरून उभी असलेली जाऊ म्हणाली, नमुना परत लावा की. रांगेतल्या बायका बघत होत्या. मी परत लावला. कमीच आला. मी तो लिहिला आणि पावती तिच्या हातात दिली.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवला जायचं ठरलं आहे. ते तिने मला स्वतः सांगितलं, मॅडमकडून कळलं नाही.

चाचणी संपली की प्रत्येकीला तिची गोळी कुठली होती ते सांगणार आहेत. जाऊ चांगली बरी आहे. चुलीशी बसून हसते, माझ्या वहीवरून मला चिडवते, भाऊजींना तर रोजच चिडवते. पण त्या दिवसाची तिला धास्ती आहे. साधी निघाली तर काय, असं ती मला दोनदा विचारून झाली. दोन्ही वेळा मी म्हणाले, निघू दे, बरी झालीस ना.

वरून तेवढंच म्हणाले. आतलं असं आहे. साधी निघाली तर ही बाई काही न घेता बरी झाली, आणि मला रोज रात्री गोळी गिळावी लागते, म्हणून मला तिचा हेवा वाटेल. खरी निघाली तर मला न मिळालेलं औषध तिला मिळालं, म्हणून वाटेल. दोन्हीकडून हिशेब करून बघितला, आकडा तोच येतो. फरक एवढाच की आता तो मी वहीत लिहून ठेवत नाही. जाळीतून तिच्याकडचा दिवा दिसला तर भिंतीवर एक टिचकी मारते. ती जागी असली तर उलट मारते. गेल्या पंधरा दिवसांत तिने दोनदाच मारली. बाकीच्या वेळी भाऊजी घोरत होते.